होआताईचा फो आणि ते तीन आठवडे

ताई, मला भीती वाटतेय. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्यासमोर मी नेहमी शूर असल्याचं नाटक केलं आणि तू ते एकदाही खरं मानलं नाहीस. काल तू गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस झाला. या सात आठवड्यांत फोन वाजला की मी लगेच उचलायचे नाही. लान असेल, आणि ती विचारेल, असं वाटायचं. तुझी पोर आहे ती, अठरा वर्षांची, आणि तिच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती. तूच लपवायला सांगितली होतीस, पण लपवली मीच.

आज मी मराठीत बोलतेय. तीन वर्षं आपण दोघी मोडक्या जर्मनमध्ये बोललो. तुझं क्रियापद वाटेत हरवायचं, माझं डेर-डी-डास, म्हणजे शब्दांचं लिंग, चुकायचं, आणि तरी आपण भांडूनसुद्धा दाखवलं. तुझ्याशी पूर्ण वाक्यात मी आज पहिल्यांदाच बोलतेय, आणि यातलं अक्षर तुला कळणार नाही. असू दे. निदान मधेच तोडणार तरी नाहीस.

पहिला दिवस आठवतो का? मी पिंपरीहून हॅनोव्हरला पीएचडीला येऊन चार महिने झाले होते आणि मेन्साचे, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनचे, उकडलेले बटाटे खाऊन जीव विटला होता. तुझ्या इम्बिसवरून, म्हणजे त्या चार टेबलांच्या टपरीवजा दुकानावरून, चालले होते आणि थबकले. कांदा थेट जाळावर भाजल्याचा वास. आमच्याकडे मटणाच्या वाटणाला असाच भाजतात, काळा होईपर्यंत. मी आत शिरले आणि काउंटरवरून वाकून तुझ्या शेगडीकडे बघत राहिले. कांदा, आलं, चक्रीफूल, दालचिनी आणि चक्क मसाला वेलदोडा. मी वेलदोड्याकडे बोट दाखवून हसले. तू हसली नाहीस. तू विचारलंस, वय किती?

मी म्हटलं, सत्तावीस. तू म्हणालीस, मी चाळीस, म्हणजे तू एम आणि मी ची. धाकटी, थोरली. तुमच्या व्हिएतनामी भाषेत वय कळल्याशिवाय पुढचं वाक्यच बोलता येत नाही, हे नंतर कळलं. मी सांगितलं, आमच्याकडे थोरलीला ताई म्हणतात. तू म्हणालीस, ची म्हण नाहीतर ताई म्हण, ऐकायचं माझंच. त्या दिवशी मला हे गोड वाटलं होतं.

तुझा फो साधा दिसायचा. हाडं उकळून काढलेलं नितळ पाणी, चपट्या पांढऱ्या शेवया, कच्च्या बीफचे पातळ काप त्या कढत पाण्यातच शिजलेले, वर कांद्याची पात. बाजूला लसूण-मिरची घातलेलं व्हिनेगर. बास. आणि तुझं गिऱ्हाईक मात्र सगळं दक्षिणेचं. तुम्ही उत्तरेतल्या लोकांनी पूर्व जर्मनीच्या कारखान्यांत करारावर काम केलं आणि भिंत पडल्यावर इकडे सरकलात. ते लोक त्याच्या कितीतरी आधी बोटीतून जीव वाचवून थेट पश्चिमेत आले. त्यांच्या फोमध्ये खडीसाखर, वर मूठभर मोड, तुळशीसारखा पाला, लिंबू, गोड काळं सॉस. सायगावच्या आजी दर शनिवारी यायच्या आणि दर शनिवारी मोड मागायच्या. तू दर शनिवारी म्हणायचीस, नाही. पिशवीतून स्वतःचे मोड काढून त्या तुझ्यासमोर वाडग्यात टाकायच्या आणि तू तोंड फिरवून भांडी घासायला लागायचीस. म्हटलं, अगं, ठेव की थोडे मोड, काय बिघडतं? तू म्हणालीस, ज्याचं पाणी चांगलं नाही त्याने वर पाला टाकावा. जित्याची खोड, दुसरं काय. पण देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा उत्तरेचेच लोक फो घेऊन दक्षिणेत गेले, तिथे तो गोड झाला, हेही तूच सांगितलंस. म्हणजे त्या आजी काही परक्या नव्हत्या. हे मी बोलून दाखवलं तर तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास.

आणि आपलं ते मोठं भांडण. ते अर्धंच राहिलं.

तू हनोईकडच्या नाम दिन्हची. तुझे आजोबा खांद्यावर कावड घेऊन हनोईला फो विकायचे, एका बाजूला पातेलं, एका बाजूला शेवया. मी पुस्तकी माणूस, विचारलं, मूळ कुठलं हे? फ्रेंच लोकांच्या रश्शाचं की चिनी शेवयांचं? तू म्हणालीस, आजोबांनी फ्रेंचालाही विकला आणि चिन्यालाही, दोघांपैकी कुणी म्हटलं नाही की हा आमचा. मग सांगितलंस की फ्रेंच साहेब लोक बैलाचं चांगलं मांस खायचे आणि हाडं टाकून द्यायचे. तुमच्या लोकांनी ती हाडं घेतली आणि आठ-आठ तास शिजवली, इतकी चांगली की साहेबच वाडगं घेऊन दारात आला. तू हे किती अभिमानाने सांगितलंस. आणि मी चमचा खाली ठेवला.

कारण आमच्या घरात अभिमान उलटा आहे, ताई. आमच्या पणजोबांच्या लोकांना गाव मेलेली ढोरं द्यायचं. ओढून न्या आणि खा. एक दिवस त्यांनी ठरवलं, नाही खाणार. उपाशी राहू, पण दुसऱ्याने टाकलेलं हाडूक घरात येणार नाही. तिथून आमची माणसं ताठ उभी राहिली आणि पुढे बौद्ध झाली. हे सगळं मी तुला कसं सांगितलं असेल? "ते देतात मेलेलं. आम्ही म्हणतो नको." तू कपाळाला आठ्या घालून ऐकलंस आणि म्हणालीस, "आम्ही म्हणतो दे." मी भडकले. म्हटलं, म्हणजे तुम्ही शहाणे आणि आम्ही मूर्ख? तुला काही समजेना. मी वाडगं तसंच ठेवून निघून गेले आणि पंधरा दिवस आले नाही. सोळाव्या दिवशी तू लॅबच्या दारात डबा घेऊन उभी. डब्यात कोंबडीचा फो. हाडांवर एक शब्दही नाही. मी अजूनही माझ्या पणजोबांच्याच बाजूची आहे, पण तुझे आजोबा चूक होते असंही म्हणवत नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

मग गेला हिवाळा आला, पिसाळलेल्या गाईंचा, त्या मॅड काउ रोगाचा. रोज टीव्हीवर लटपटणारी गाय. जर्मन लोक बीफच्या काउंटरवरून नजर चुकवून जायला लागले, आणि तू तर हाडं उकळून विकत होतीस. टेबलं ओस पडली. आईचा पिंपरीहून फोन, "तू तसलं काही खात नाहीस ना गं?" मी म्हटलं, छे. तू समोरच बसली होतीस, आणि भाषा येत नसतानाही तुला सगळं समजत होतं. तेव्हा मीही घाबरले होते. चमचा तोंडाशी नेताना मनात यायचं, हे डोक्यात गेलं तर? तू पाटीवर लिहिलंस, फक्त कोंबडी. म्हणालीस, हनोईतही एके काळी आठवड्यातले काही दिवस बीफ विकायला बंदी होती, तेव्हाच कोंबडीचा फो निघाला आणि म्हाताऱ्यांनी हा फोच नाही म्हणून बोंब ठोकली. तू हे हसत सांगितलंस, पण हात छातीवर होता. मला वाटलं, धंद्याची काळजी.

एप्रिलमध्ये तू मला डॉक्टरकडे घेऊन गेलीस. विमा, घरमालक, सरकारी पत्रं, सगळीकडे तुझी दुभाषी लान. त्या दिवशी तिला घरी ठेवून मला नेलंस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तुझ्या छातीला वायर लावल्या, कागद निघाला, आणि त्या डॉक्टरीण बाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, आजच हॉस्पिटलमध्ये जा. आइनवाइझुंग, म्हणजे भरतीची चिठ्ठी, हातात दिली. तू मला म्हणालीस, विचार, तीन आठवडे थांबलं तर? लानची आबिटुअर आहे. बारावीच समज, सगळं आयुष्य त्यावर. मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी असते तर एक दिवस थांबले नसते. मी तुला शब्द न् शब्द नीट सांगितला. तेवढं तरी मी केलं. तू चिठ्ठीची घडी घातलीस आणि रस्त्यावर आल्यावर म्हणालीस, लानला सांगायचं नाही.

मी म्हटलं, ताई, वेड लागलंय का? तू म्हणालीस, तुझी आई विचारते तेव्हा मी सांगते का तू काय खातेस ते? आणि मग, धाकटी थोरलीच्या घरात बोलत नाही.

त्यावर मी गप्प बसले. हे मी स्वतःला हजारदा विचारलंय, का बसले? तू थोरली म्हणून नाही, ताई. ते निमित्त. मला भीती वाटली की सांगितलं तर तू मला तोडशील, आणि या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं. तीन आठवडे मी सकाळी उठले की आधी तुला फोन करायचे. तू उचललास की काहीतरी फालतू विचारायचे, आज धने भाजलेस का, पाऊस आहे का तिकडे. तू म्हणायचीस, जिवंत आहे, ठेव. लान पेपर देऊन दुकानात यायची, मी तिला विचारायचे कसा गेला, ती म्हणायची "गूट", चांगला, आणि मी तिच्या डोळ्यांकडे न बघता पात चिरत बसायचे. मला चांगलं चिरताही येत नाही.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी सायगावच्या आजींना तू शेगडीपुढे पडलेली सापडलीस. शनिवार नव्हता. त्या नुसत्याच आल्या होत्या. लानने तो पेपर दिला नाही. ज्याच्यासाठी आपण दोघी गप्प बसलो, तेही गेलं. ताई, मला तुझा फार राग येतो. गॅस बंद करताना येतो, बस थांब्यावर येतो, कुठेही येतो.

दहा दिवसांपूर्वी लानचा फोन आला. ती म्हणाली, एकोणपन्नासाव्या दिवशी आईचा फो ठेवायचाय, मला येत नाही, तुला येतो. येतो कसला? तू कधी माप सांगितलंस? नुसतं शेजारी उभं केलंस तीन वर्षं. आणि माझी दुसरीच पंचाईत. आमच्या घरी बाबांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. श्राद्ध करायचं नाही, पिंड द्यायचा नाही. मेलेल्याला जेवू घालणं आमच्यात बसत नाही. तू तुझ्या आजोबांच्या फोटोपुढे वाडगं ठेवायचीस तेव्हा मीच तुला म्हणायचे ना, ताई, बुद्धाने हे सांगितलेलं नाही. तू म्हणायचीस, बुद्धाला भूक लागत नाही, आजोबांना लागते. आता मीच ते वाडगं भरायचं.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि बोलायला लागले तर ती लपवलेली गोष्ट बाहेर येईल याची भीती होती.

काल पहाटे लानने दिलेल्या किल्लीने दुकान उघडलं. हाडं रात्रीच घरी मिठाच्या पाण्यात टाकून ठेवली होती. पहिली उकळी ओतून दिली, भांडं घासलं, हाडं धुतली, पुन्हा पाणी चढवलं. कांदा-आलं जाळावर धरलं. सगळं तुझ्यासारखं. मग चक्रीफुलाचा डबा उघडला. आत, फुलांच्या खाली, घडी घातलेली ती चिठ्ठी.

ताई, खरं सांगते. गॅस समोर पेटलेला होता. कुणीही बघत नव्हतं. दोन सेकंदांचं काम, आणि जगात कुणाला कधी कळलं नसतं. मी तो कागद हातात धरून किती वेळ उभी होते माहीत नाही. पाणी उकळायला लागलं, फेस वर आला, तेव्हा भानावर आले आणि आच कमी केली. तू उकळी फुटू द्यायची नाहीस, दूध तापवताना उभं राहावं तशी झाऱ्या घेऊन उभी असायचीस. चिठ्ठी मी खिशात घातली आणि फेस काढायला लागले. तिचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

तुमच्या विहारात मात्र माझी फजिती झाली. श्टाटबानच्या ट्राममधून एवढं मोठं पातेलं सामानाच्या ट्रॉलीला बांधून नेलं, बौद्धांचा कार्यक्रम म्हणून पांढरी साडी नेसले, आणि दारातच सायगावच्या आजींनी अडवलं. आत फक्त शाकाहारी. बौद्ध घरात वाढलेल्या मला हे सुचलंच नाही. आमच्या विहारात खीर असते, पण मटणावरून कुणी हटकल्याचं आठवत नाही. तुझा फो बाहेर चपलांशेजारी राहिला आणि आम्ही आत सूत्रं ऐकत बसलो. मधे आजी उठून बाहेर गेल्या. मी मागे गेले. त्यांनी झाकण उचललं होतं. वास घेऊन त्यांनी विचारलं, साखर? मी म्हटलं, नाही. त्यांनी झाकण ठेवलं आणि डोळ्याला रुमाल लावला. म्हणाल्या, तिचाच आहे.

मग लान आणि मी पातेलं घेऊन तुमच्या घरी आलो. तिने तुझ्या फोटोपुढे उदबत्ती लावली. मी वाडगं भरलं, शेवया, काप, पात, वरून पाणी, आणि तिच्या हातात दिलं. ठेवलं तिने. प्रतिज्ञा मोडली की नाही ते बाबांना विचारायचं धाडस माझ्यात नाही. मी दुसरं वाडगं भरून लानपुढे ठेवलं. ती कधीच फो खायची नाही, दुकानात बसून सँडविच खायची, ते मला माहीत होतं. तरी ठेवलं. आणि खिशातली चिठ्ठी वाडग्याशेजारी ठेवली.

तिने वाचली. पुन्हा वाचली. नेहमीसारखं जर्मनमध्येच विचारलं, "ही तारीख बरोबर आहे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मी तिच्याबरोबर गेले होते. मीच डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, थांबू नका. होआताई म्हणाली, तुला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाडग्यातल्या पाण्याकडे बघत बसली. मग हळू आवाजात बोलायला लागली. म्हणाली, मी चार वर्षांची होते. नाम दिन्हच्या बसस्टँडवर आईने मला फो घेऊन दिला. कधी नव्हे ते मोठ्या माणसांएवढं वाडगं. मी खूश. शेवया लांब असतात, लहान पोरीला वेळ लागतो, मान खाली घालून मी खात होते. वर बघितलं तर आई नव्हती, आजी होती. आजी म्हणाली, आई जर्मनीला गेली, सांगितलं असतं तर तू रडली असतीस. सहा वर्षांनी भेटली मला ती.

"आणि आता पुन्हा," लान म्हणाली. "या वेळी तू तिला मदत केलीस."

मी म्हटलं, हो.

ताई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तुझं ऐकलं नसतं, आणि ते तुला माहीत होतं. मला माफी मागायची होती, पण तिच्यासमोर माफी मागणं म्हणजे तिलाच आणखी एक काम लावणं. तुझ्यापुढची उदबत्ती विझली.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तू इंडियाला परत कधी जाणार?"

माझी स्कॉलरशिप संपतेय. तिकीट महिनाभरापूर्वी काढलं. ड्रॉवरमध्ये आहे. तुझं असं झाल्यावर तिला सांगायला जीभ रेटली नव्हती. म्हटलं होतं, जायच्या दोन दिवस आधी सांगू, कशाला पोरीला आत्तापासून त्रास. ताई, मी अगदी हेच म्हटलं होतं मनात.

मी तारीख सांगितली. ऑगस्टमधली. ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि त्या चौकोनात माझं नाव लिहिलं. पेन हातात तसंच धरून तिने विचारलं, सकाळी की संध्याकाळी? मी विमानाची वेळ सांगितली. तीही तिने लिहिली.